धुराची किंमत कोणाच्या खिशातून?

लंडनच्या पश्चिम सीमेवर अक्सब्रिज नावाचे उपनगर आहे. भुयारी रेल्वेचा एक फाटा तेथे संपतो आणि त्यापलीकडे मोकळी हिरवी जमीन सुरू होते. बोरिस जॉन्सन यांनी खासदारकी सोडल्यामुळे 20 जुलै 2023 रोजी या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. हुजूर पक्षाची त्या वेळी देशभर पीछेहाट सुरू होती. त्याच दिवशी झालेल्या अन्य दोन पोटनिवडणुकांत त्या पक्षाने हातच्या जागा गमावल्या होत्या. अक्सब्रिज मात्र त्याने राखले, तेही अवघ्या 495 मतांनी. विजयी उमेदवार स्टीव्ह टकवेल यांच्या प्रचारात महागाईला वा पक्षाच्या कामगिरीला फारसे स्थान नव्हते. जुनी गाडी रस्त्यावर आणल्यास दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागणार, या एकाच मुद्द्यावर त्यांनी निवडणूक लढवली आणि जिंकली.

हे शुल्क म्हणजे लंडनचे ‘अल्ट्रा लो एमिशन झोन’, अर्थात ‘यूलेझ’. शहरात अधिक धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे वसूल करावेत की नाही, या वादाचे जगातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणून त्याकडे पाहिले जाते. ज्या माणसाच्या रिकाम्या जागेसाठी ही पोटनिवडणूक झाली, त्याच जॉन्सन यांनी लंडनचे महापौर असताना 2015 साली ही योजना मंजूर केली होती. त्यांच्या आराखड्यानुसार ती सप्टेंबर 2020 पासून मध्य लंडनपुरती लागू व्हायची होती. त्यांच्या जागी आलेल्या मजूर पक्षाच्या सादिक खान यांनी ती अलीकडे ओढून 8 एप्रिल 2019 रोजी सुरू केली. 25 ऑक्टोबर 2021 रोजी तिची हद्द उत्तर आणि दक्षिण वर्तुळाकार मार्गांपर्यंत, म्हणजे ‘नॉर्थ सर्क्युलर’ आणि ‘साउथ सर्क्युलर’पर्यंत वाढली. 29 ऑगस्ट 2023 रोजी लंडनच्या सर्वच्या सर्व प्रशासकीय विभागांचा, सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश तिच्या कक्षेत आला. मध्य लंडनमधील श्रीमंत वस्त्यांपुरते शुल्क होते तोवर तक्रारी तुरळक होत्या. ते उपनगरांत पोहोचले तेव्हा त्याचे राजकारण झाले.

नियम वरवर साधा आहे. पेट्रोलची गाडी ‘युरो 4’ मानकाची, म्हणजे साधारण 2006 नंतरची हवी. डिझेलची गाडी ‘युरो 6’ मानकाची, म्हणजे साधारण सप्टेंबर 2015 नंतरची हवी. ज्यांची गाडी या निकषात बसते, त्यांना एक पैसाही द्यावा लागत नाही. ज्यांची बसत नाही, त्यांनी ती रस्त्यावर आणली की त्या दिवसाचे साडेबारा पौंड, आजच्या दराने चौदाशे-पंधराशे रुपये, भरायचे. गाडी दाराशी दिवसभर उभी राहिली तर काही नाही. नाताळचा एक दिवस सोडला तर वर्षभर, चोवीस तास ही आकारणी चालते. रस्तोरस्ती बसवलेले कॅमेरे गाडीचा क्रमांक टिपतात. शुल्क चुकवले तर दंड 180 पौंड, तो चौदा दिवसांत भरल्यास निम्मा. आठवड्याचे पाच दिवस जुन्या गाडीने कामावर जाणाऱ्याला हा हिशेब वर्षाकाठी तीन हजार पौंडांच्या वर जातो, आणि कित्येक जुन्या गाड्यांची बाजारातील किंमतही तेवढी भरत नाही.

यात एक बारकावा आहे. तो कागदावर क्षुल्लक वाटतो, पण प्रत्यक्षात बोचतो. आकारणीचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री असा मोजला जातो. रात्री दहाला घरून निघून सकाळी सहाला परतणाऱ्या माणसाची गाडी दोन वेगवेगळ्या दिवशी रस्त्यावर येते, म्हणून एका पाळीसाठी त्याला दोन दिवसांचे शुल्क पडते. रात्रपाळी कोण करते? इस्पितळातील परिचारिका, सफाई कामगार, विमानतळावर सामान चढवणारे हात. साउथॉल, हाउन्स्लो या पश्चिम लंडनच्या पट्ट्यात पोर्तुगीज पारपत्रावर गेलेल्या गोमंतकीयांचे बिऱ्हाड बऱ्यापैकी आहे आणि हीथ्रो विमानतळ हा तेथील मोठा रोजगारदाता आहे. हा सारा पट्टा 2023 च्या विस्तारात क्षेत्रात आला. पहाटेची पाळी गाठण्यासाठी पहिली बसही उपयोगाची नसलेल्या माणसाला ‘सार्वजनिक वाहतूक वापरा’ हा सल्ला कसा ऐकू येत असेल, याची कल्पना गोव्यात बसूनही करता येते.

परंतु या वादाची दुसरी बाजू तितक्याच ठोस स्वरूपात उभी आहे, आणि तिला एका मुलीचे नाव आहे. एला अडू-किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दक्षिण-पूर्व लंडनमधील लुईशम भागात राहत होती. तिचे घर साउथ सर्क्युलर या सदैव गजबजलेल्या रस्त्यापासून काही पावलांवर होते. तीन वर्षांच्या काळात दम्याच्या तीव्र झटक्यांमुळे तिला वारंवार इस्पितळात भरती करावे लागले आणि फेब्रुवारी 2013 मध्ये तिचा मृत्यू झाला. पहिल्या चौकशीत श्वसनसंस्था निकामी झाल्याची नोंद होऊन प्रकरण मिटले होते. तिची आई रोझमंड यांनी ते मिटू दिले नाही. प्राध्यापक स्टीफन होल्गेट यांनी एलाच्या आजारपणाच्या नोंदी आणि परिसरातील प्रदूषणाच्या नोंदी ताडून पाहिल्या. त्यांच्या अहवालाच्या आधारे पहिला निष्कर्ष 2019 मध्ये रद्दबातल ठरला. नव्याने झालेल्या चौकशीत 16 डिसेंबर 2020 रोजी कोरोनर फिलिप बार्लो यांनी, वायुप्रदूषणाने या मृत्यूस लक्षणीय हातभार लावला, असा निर्णय दिला. ब्रिटनमध्ये एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची अशी नोंद प्रथमच झाली.

या निर्णयानंतर वर्षभराच्या आत यूलेझचा पहिला विस्तार झाला, तेव्हा साउथ सर्क्युलर हा मार्ग त्या क्षेत्राची सीमा ठरला. सीमा म्हणून ठरवलेला रस्ता स्वतः क्षेत्राबाहेर राहिला. ज्या रस्त्याच्या धुराने एला गुदमरली, त्यावरून धावणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांना आणखी जवळजवळ दोन वर्षे काहीच द्यावे लागले नाही. सीमारेषा कोठेही आखली तरी तिच्या काठावर कोणी तरी राहत असतेच.

खान यांच्या युक्तिवादाचा मुख्य आधार ‘दरवर्षी सुमारे चार हजार अकाली मृत्यू’ हा आकडा होता. तो इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2019 सालासाठी काढलेल्या अंदाजावर आधारलेला आहे. हा मृत्यूच्या दाखल्यांवरून मोजलेला आकडा नाही. प्रदूषणामुळे साऱ्या लोकसंख्येच्या आयुर्मानात जी घट होते, तिचे गणिताने केलेले रूपांतर आहे. विरोधकांनी त्याची खिल्ली उडवली ती या मुद्द्यावरून. तथापि तपशिलात गेल्यावर हाच अंदाज एक अनपेक्षित गोष्ट दाखवतो. या हिशेबानुसार सर्वाधिक मृत्यू मध्यवर्ती लंडनमध्ये नव्हे, तर ब्रॉम्ली, बार्नेट, क्रॉयडन अशा बाह्य उपनगरांत येतात. तेथील हवा मध्य लंडनपेक्षा वाईट आहे असे नाही. तेथे वयस्कर माणसे अधिक राहतात आणि खराब हवेचा पहिला घाव त्यांच्यावर पडतो. याच ब्रॉम्लीने बेक्सली, हॅरो, हिलिंग्डन आणि शेजारच्या सरे परगण्याच्या परिषदेसह विस्ताराविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली होती. 28 जुलै 2023 रोजी, म्हणजे अक्सब्रिजच्या निकालानंतर आठवडाभराने, न्यायालयाने विस्तार कायदेशीर ठरवला.

मग या शुल्काने हवा सुधारली का? येथे दोन्ही बाजूंनी सोयीचे तेवढेच सांगितले जाते. विस्तारापूर्वी खुद्द महापौर कार्यालयाने करून घेतलेल्या मूल्यमापनात, संपूर्ण लंडनभर क्षेत्र वाढवल्याने नायट्रोजन डायऑक्साइडशी येणारा सरासरी संपर्क 1.3 टक्क्यांनी आणि सूक्ष्म धूलिकणांशी येणारा 0.1 टक्क्याने घटेल, असे म्हटले होते. पहिला परिणाम अल्प, दुसरा नगण्य. एवढ्यासाठी हा खटाटोप का, असे विरोधक विचारत, आणि प्रश्न चुकीचा नव्हता. 2021 साली इंपीरियल कॉलेजच्याच एका अभ्यासाने 2019 च्या प्रारंभाच्या आसपासचे काही आठवडे तपासले, तेव्हा नायट्रोजन डायऑक्साइडची घट तीन टक्क्यांहूनही कमी आढळली. त्याउलट मार्च 2025 मध्ये महापौरांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, यूलेझचे सर्व टप्पे नसते तर जेवढा नायट्रोजन डायऑक्साइड असता, त्यापेक्षा तो लंडनभर 27 टक्क्यांनी कमी आहे. तीन आणि सत्तावीस यांत एवढे अंतर का?

त्याचे उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. शुल्क सुरू झालेल्या दिवसाच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे तुलनेस घेतले तर फरक थोडा दिसणारच, कारण माणसे त्या दिवसाची वाट पाहत बसत नाहीत. योजना जाहीर झाली की गाडी बदलण्याचा विचार सुरू होतो. टॅक्सीमालक, माल पोहोचवणाऱ्या कंपन्या, बस चालवणारे ठेकेदार हे सारे दोन-तीन वर्षे आधीच तयारीला लागतात. 2017 मध्ये मध्य लंडनच्या क्षेत्रातील केवळ 39 टक्के गाड्या निकषात बसत होत्या. विस्तारानंतरच्या वर्षभरात संपूर्ण लंडनमध्ये हे प्रमाण 96.7 टक्क्यांवर गेले. गाड्या तशाही कालांतराने नव्या झाल्या असत्याच. त्यामुळे यातील किती श्रेय शुल्काचे आणि किती काळाचे, हा हिशेब अंदाजावरच चालतो. महापौरांचा अहवाल हा श्रेय घेणाऱ्याने प्रसिद्ध केलेला अहवाल आहे, हेही विसरू नये. असे असले तरी एका मोजमापावर वाद घालणे कठीण आहे. घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅम ही नायट्रोजन डायऑक्साइडची ब्रिटिश कायद्याने ठरवलेली वार्षिक मर्यादा लंडनने 2024 मध्ये प्रथमच पाळली. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली पातळी त्याच्या एक चतुर्थांश, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम आहे. तिथवर पोहोचायला अद्याप बराच पल्ला आहे.

या वादात एक प्रश्न मात्र पुरेसा विचारला गेला नाही. एवढ्या डिझेल गाड्या लंडनच्या रस्त्यांवर आल्या कशा? ब्रिटनमध्ये 2001 साली गाड्यांवरील वार्षिक कराची रचना बदलली आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाशी जोडला गेला. डिझेलचे इंजिन अंतराच्या मानाने कमी कार्बन डायऑक्साइड सोडते. साहजिकच डिझेल गाडीवरचा कर कमी झाला आणि ‘पर्यावरणाची काळजी घेणारी गाडी’ म्हणून ती विकली जाऊ लागली. पुढील दहा-बारा वर्षांत नव्या गाड्यांपैकी सुमारे निम्म्या डिझेलवर चालणाऱ्या होत्या. डिझेलच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळी अधिक असते, हे तेव्हाही शास्त्रज्ञांना ठाऊक होते. धोरण आखताना तापमानवाढीपुढे फुप्फुसांचा विचार मागे पडला. पुढे सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली. प्रयोगशाळेतील चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी प्रणाली कंपनीने जगभरातील सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत बसवली होती.

म्हणजे 2012 साली सरकारने कर कमी केला म्हणून डिझेल गाडी घेणाऱ्या गवंड्याने वा नळदुरुस्तीवाल्याने कोणता अपराध केला? त्याने त्या वेळच्या अधिकृत सल्ल्याप्रमाणे वागून पैसे गुंतवले. दहा वर्षांनी त्याच राज्यव्यवस्थेच्या दुसऱ्या हाताने त्याच गाडीवर दिवसाला साडेबारा पौंडांची आकारणी लावली. ‘प्रदूषण करील त्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व ऐकायला निर्दोष आहे. पण गाडी बनवणारी कंपनी, ती विकत घ्यायला प्रोत्साहन देणारे अर्थखाते आणि ती चालवणारा माणूस यांच्यापैकी प्रदूषण करणारा नेमका कोण, याचा निवाडा हे तत्त्व करीत नाही. कॅमेऱ्याला तिघांपैकी एकाचाच क्रमांक दिसतो.

खान यांना ही अडचण ठाऊक होती. जुन्या गाड्या मोडीत काढणाऱ्यांना अर्थसाह्य देण्यासाठी त्यांनी 11 कोटी पौंड बाजूला काढले. प्रारंभी ही मदत सरकारी साह्यावर जगणाऱ्या कुटुंबांना, अपंगांना आणि छोट्या व्यावसायिकांनाच होती. थोडेसे वर कमावणारा, पण नवी गाडी न परवडणारा मोठा वर्ग त्यातून सुटला, आणि अक्सब्रिजमध्ये मते गेली ती नेमकी या वर्गाची. पोटनिवडणुकीनंतर निधी 16 कोटींवर गेला आणि 21 ऑगस्ट 2023 पासून कोणत्याही लंडनकराला जुन्या मोटारीसाठी 2 हजार पौंड मिळू लागले. विस्ताराला तेव्हा आठ दिवस उरले होते. हे औदार्य सहा महिने आधी दाखवले असते, तर 495 मतांचा तो फरक कदाचित दिसलाही नसता. चाळीस वर्षांहून जुन्या, जपून ठेवलेल्या ‘ऐतिहासिक’ गाड्यांना मात्र सुरुवातीपासून सवलत आहे. शौकिनाची जुनी गाडी वारसा ठरते आणि गरजवंताची जुनी गाडी प्रदूषक, अशी टीका तेव्हा झाली ती उगाच नव्हे.

गरिबांच्या नावाने बोलताना मात्र आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा लागतो. 2021 च्या जनगणनेनुसार लंडनमधील दहापैकी चारांहून अधिक कुटुंबांकडे गाडीच नाही. यातील बहुसंख्य कमी उत्पन्नाची आहेत आणि त्यांची घरे अधिक करून गजबजलेल्या रस्त्यांच्या कडेला आहेत. ती धूर सोडत नाहीत, पण सर्वांत जास्त धूर त्यांच्याच वाट्याला येतो. त्यांचा आवाज पोटनिवडणुकीत ऐकू आला नाही. साडेबारा पौंडांची झळ त्या दिवशीच कळते. श्वासातून आत गेलेल्या काजळीची पावती कित्येक वर्षांनी येते, तीही दुसऱ्याच कुठल्या आजाराच्या नावाने.

विरोधाने काही काळ हिंसक वळणही घेतले. कॅमेरे तोडणारी, त्यांच्या तारा कापणारी मंडळी स्वतःला ‘ब्लेड रनर’ म्हणवून घेऊ लागली. डिसेंबर 2023 मध्ये सिडकप भागात तर एका कॅमेऱ्याजवळ स्फोट घडवला गेला. मजूर पक्षाचे तत्कालीन नेते कीर स्टार्मर यांनी पोटनिवडणुकीचे खापर आपल्याच महापौरांच्या धोरणावर फोडले आणि त्यांना फेरविचाराचा सल्ला दिला. खान हटले नाहीत. मे 2024 च्या महापौरपदाच्या निवडणुकीत, पहिल्याच दिवशी विस्तार रद्द करण्याचे वचन देणाऱ्या हुजूर पक्षाच्या सुझन हॉल यांचा त्यांनी पावणेतीन लाखांच्या आसपास मताधिक्याने पराभव केला. दोन महिन्यांनी सार्वत्रिक निवडणुकीत अक्सब्रिजही मजूर पक्षाकडे गेले. ज्या डॅनी बील्स यांचा वर्षापूर्वी तेथे पराभव झाला होता, तेच निवडून आले. 97 टक्के गाड्यांना ज्याची झळच लागत नाही, त्या शुल्काविरुद्ध लोकांना उभे करणे तोपर्यंत अवघड झाले होते.

शुल्काच्या अंमलापूर्वी विरोध शिगेला पोहोचावा आणि अंमलानंतर तो ओसरावा, हा अनुभव लंडनचा एकट्याचा नाही. स्टॉकहोमने 2006 च्या पूर्वार्धात गर्दीशुल्काचा सात महिन्यांचा प्रयोग केला. प्रयोगापूर्वी बहुसंख्य नागरिक विरोधात होते. रस्ते मोकळे झालेले पाहिल्यावर त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील सार्वमतात काठावरचे बहुमत बाजूने पडले आणि 2007 मध्ये शुल्क कायम झाले. न्यूयॉर्कमध्ये राज्यपाल कॅथी होकल यांनी जून 2024 मध्ये ऐनवेळी माघार घेतली आणि निवडणुका आटोपल्यावर 15 ऐवजी 9 डॉलर दर ठेवून 5 जानेवारी 2025 पासून योजना सुरू केली. पण उलटे दाखलेही आहेत. ग्रेटर मँचेस्टरने 2022 मध्ये आपली योजना विरोधापुढे स्थगित केली आणि पुढे शुल्काविना, बस सुधारण्याचा मार्ग धरला. फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीने मे 2025 मध्ये शहरांतील कमी-उत्सर्जन क्षेत्रे रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. तेथे जहाल उजवे आणि जहाल डावे एका बाजूला आले होते, हे पुरेसे बोलके आहे.

भारतात हा वाद वेगळ्या वाटेने आला. येथे त्याचा प्रारंभ न्यायालयाने केला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2015 मध्ये दिल्लीत शिरणाऱ्या मालवाहू वाहनांवर पर्यावरण भरपाई शुल्क लावले, लहान वाहनांना 700 आणि मोठ्यांना 1300 रुपये, आणि दोन महिन्यांतच ते दुप्पट केले. खासगी गाड्यांबाबत शुल्काऐवजी थेट बंदी निवडली गेली. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या दिल्लीत चालणार नाहीत, असा दंडक झाला. अंमलबजावणी कागदावरच राहिली, म्हणून 1 जुलै 2025 पासून अशा गाड्यांना पेट्रोलपंपावर इंधन न देण्याचा प्रयोग सुरू झाला. लोकक्षोभ एवढा उसळला की काही दिवसांत तो गुंडाळावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई नको, असे सांगितले. डिसेंबरमध्ये आदेशात दुरुस्ती करून हे संरक्षण ‘भारत स्टेज-4’ आणि त्यापुढील गाड्यांपुरते ठेवले. गाडीचे वय पाहायचे की तिचे मानक, या प्रश्नावर दिल्लीला दहा वर्षे अडखळावे लागले. लंडनने पहिल्या दिवसापासून मानक धरले होते, आणि ते अधिक न्याय्य होते. नीट सांभाळलेली, कमी चाललेली गाडी केवळ वाढदिवस झाला म्हणून भंगारात काढायला लावण्यात कसलेही शास्त्र नाही.

लंडनचा निकष जसाच्या तसा येथे लावला तर काय होईल, हे पाहणेही उद्बोधक आहे. ‘भारत स्टेज-4’ ची पेट्रोल गाडी सुटेल. डिझेलच्या बाबतीत मात्र ‘भारत स्टेज-6’ लागू झालेल्या एप्रिल 2020 पूर्वीची जवळपास प्रत्येक गाडी शुल्कास पात्र ठरेल. त्यात माल वाहणारे टेम्पो येतील, पर्यटकांच्या टॅक्सी येतील आणि गावोगाव फिरणाऱ्या खासगी मिनीबसही येतील. आपल्याकडची ‘पीयूसी’ चाचणी यातले काहीच सांगत नाही. तिच्यात पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीच्या धुराची दाटी तपासली जाते. लंडनमध्ये ज्यावरून एवढे रणकंदन झाले, ती नायट्रोजनची ऑक्साइडे त्या चाचणीत मोजलीच जात नाहीत.

गोव्याने इंधनाच्या आणि रस्त्याच्या किमतीचे राजकारण जवळून पाहिले आहे. 2012 साली सत्तेवर येताच मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर 0.1 टक्क्यावर आणला. पेट्रोल लिटरमागे सुमारे 11 रुपयांनी उतरले आणि शेजारच्या राज्यांतील गाड्या सीमा ओलांडून टाकी भरायला येऊ लागल्या. त्या निर्णयाइतकी लोकप्रियता त्यानंतरच्या फार थोड्या निर्णयांना लाभली असेल. त्याच सरकारने पुढल्या वर्षी परराज्यांतील वाहनांवर प्रवेशकर लावला, तेव्हा सिंधुदुर्गातून मोठा विरोध झाला. रोटी-बेटीचे नाते असलेल्या, बाजारहाटासाठी आणि इस्पितळासाठी गोव्यावर विसंबणाऱ्या माणसांना तो कर जिव्हारी लागला. 2017 च्या अर्थसंकल्पात तो मागे घेतला गेला. त्या करामागे धुराचा विचार नव्हता, महसुलाचा होता. तरी अक्सब्रिजमध्ये जे दिसले ते पत्रादेवीच्या नाक्यावर आधीच दिसले होते. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवरील हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तोही याच जातीचा निर्णय.

शुल्कातून जमा होणाऱ्या पैशाचे काय, या प्रश्नाचे लंडनमधील उत्तर निदान स्पष्ट आहे. कायद्यानुसार निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करावे लागते. बाह्य उपनगरांना जोडणाऱ्या ‘सुपरलूप’ या जलद बसमार्गांचे जाळे 2023 पासून त्याच सुमारास उभे राहू लागले. अर्थात गाड्या निकषात बसत जातील तसतसे हे उत्पन्न आटत जाणार, आणि ते आटणे हेच त्या योजनेचे यश. मध्य लंडनचे गर्दीशुल्क ही वेगळी आकारणी 2003 पासून चालत आली आहे. तिच्यात विजेवर चालणाऱ्या गाड्यांना असलेली पूर्ण माफी डिसेंबर 2025 मध्ये संपली. टायर आणि ब्रेक झिजून उडणारी धूळ त्यांच्याकडूनही येते आणि रस्त्यावर जागाही त्या तेवढीच अडवतात. एप्रिल 2028 पासून विजेच्या मोटारींवर मैलामागे तीन पेन्स आकारण्याचा मनोदय ब्रिटिश अर्थखात्याने नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर केला आहे. डिझेल घ्या म्हणून सांगितलेल्यांना जे भोगावे लागले, ते वीज घ्या म्हणून सांगितलेल्यांच्याही वाट्याला थोड्याफार फरकाने येईल, अशी धास्ती तेथील गाडीवाल्यांना आतापासूनच वाटू लागली आहे.

पणजीत विजेवर चालणाऱ्या कदंबच्या बसगाड्या फिरू लागल्या आहेत. कोंडी आणि पार्किंग यांवरून राजधानीत अधूनमधून चर्चा झडते. तीत लंडन-सिंगापूरचे दाखले येतात आणि शुल्काची कल्पनाही डोकावते. लंडनमध्ये शुल्क आले तेव्हा दीडशे वर्षांहून जुनी भुयारी रेल्वे आणि रात्रभर धावणाऱ्या बस होत्या, तरी हीथ्रोच्या रात्रपाळीवाल्याची अडचण झाली. गोव्यात काणकोण वा सत्तरीच्या गावात परतायचे असेल तर अंधार पडल्यावर बस मिळेलच याची खात्री नसते. कळंगुटच्या हॉटेलात रात्री अकराला काम संपवणारा वाढपी म्हणूनच स्कूटर घेतो, बहुधा जुनी आणि बहुधा हप्त्यावर.